भिंतीतला सुपरमॅन : एका फाटक्या अंकाचा भाव कसा ठरला

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका लहान गावातलं पडीक घर एका माणसाने १०,१०० डॉलरला विकत घेतलं. घर दुरुस्त करायला काढल्यावर एका भिंतीच्या पोकळीतून जुनी वर्तमानपत्रं निघाली. थंडी अडवायला भिंतीत रद्दी कोंबायची पद्धत तिकडे होती. त्या रद्दीत एक कॉमिक होतं. जून १९३८ ही तारीख छापलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, म्हणजे सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा लोकांसमोर आला तो अंक.

पुढे जे घडलं ते २०१३च्या उन्हाळ्यात जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. घरात उत्साहाच्या भरात अंकाची ओढाताण झाली. एका नातेवाईक बाईंनी तो हातात घेतला, घरमालकाने परत ओढला आणि मलपृष्ठ फाटलं. मग अंक तपासणीला गेला, दहापैकी १.५ असा दर्जा मिळाला आणि ११ जून २०१३ रोजी ‘कॉमिककनेक्ट’ या न्यूयॉर्कच्या लिलाव कंपनीत तो १,७५,००० डॉलरला विकला गेला. मलपृष्ठ फाटलं नसतं तर दर्जा ३.० लागला असता आणि साधारण ७५,००० डॉलर जास्त आले असते, असा विकणाऱ्या कंपनीचा अंदाज बातम्यांत आला.

जुन्या कॉमिकांच्या किमतीचा विषय निघाला की लोक लाखो डॉलरच्या विक्रमी प्रतींबद्दल बोलतात. त्या प्रती वर्षानुवर्षं जाणकारांच्या हातात असतात, त्यामुळे पेटी-माळ्यावर काही सापडलेल्या माणसाला त्यांच्याकडून शिकण्यासारखं थोडंच मिळतं. भिंतीतल्या या प्रतीत मात्र प्रत्येक प्रश्न उघडा पडलेला आहे: अंक खरा का, इतका भाव कशाचा, दर्जा कसा लागतो, एका फाटण्याने किती जातं, विकायचं कुठे आणि कधी. म्हणून हे प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं.

आधी अंक खरा आहे का

भावाची चर्चा सुरू होण्याआधीच बहुतेक ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ बाद होतात, कारण ते १९३८चे नसतातच. १९७४ साली याच प्रकाशकाने या अंकाचं मोठ्या आकाराचं पुनर्मुद्रण काढलं. त्याला बाहेरून जाड पुठ्ठ्याचं वेगळं आवरण होतं आणि त्यावर ते पुनर्मुद्रण असल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. आतमध्ये मात्र मूळ मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत सगळं जसंच्या तसं. बाहेरचं आवरण काढून टाकलं की हातात राहतं ते नवख्या माणसाला हुबेहूब मूळ अंकासारखं दिसतं, आणि या मार्गाने कितीतरी लोक फसले आहेत.

ओळखायची खूण अगदी साधी आहे, ती म्हणजे आकार. मूळ अंक सुमारे पावणेआठ इंच रुंद आणि सव्वादहा इंच उंच. पुनर्मुद्रण दहा इंच बाय साडेतेरा इंच. फूटपट्टी लावली की काम झालं. त्यानंतरही वेगवेगळ्या निमित्तांनी लहान आकाराची पुनर्मुद्रणं निघाली. तिथे पानांची संख्या, कागदाचा पोत आणि छपाईचे ठिपके पाहावे लागतात. मुखपृष्ठावर छापलेली दहा सेंट ही किंमत आणि १९३८ हे साल यांवर विसंबून चालत नाही, कारण पुनर्मुद्रणात तीही छापली जातात.

भिंतीतल्या प्रतीच्या बाजूने एक गोष्ट होती, जिच्याकडे माझ्या मते पुरेसं लक्ष गेलं नाही. ती म्हणजे तिच्या आजूबाजूची रद्दी. पोकळीतून निघालेल्या वर्तमानपत्रांवर तारखा असतात. अंक कोणत्या कागदांमध्ये होता, ते कागद कधीचे, याचे फोटो जागेवरच काढून ठेवले तर अंकाचा पूर्वेतिहास नुसत्या सांगण्यावर राहत नाही. संग्राहक पूर्वेतिहासाला खरंच पैसे देतात. त्यामुळे कोणाला असं काही सापडलं तर मी पहिली विनंती हीच करीन की सोबतची रद्दी फेकू नका.

मालकीचा प्रश्न इथे सरळ होता: घर त्याचं, भिंत त्याची. तो नेहमीच इतका सरळ नसतो. अभिनेता निकोलस केजकडची याच अंकाची एक उत्कृष्ट प्रत २००० साली चोरीला गेली आणि २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका भाड्याच्या गोदामातल्या खोलीत सापडली. ती विकण्याआधी चोरीचा सगळा गुंता सोडवावा लागला. मालकी संशयास्पद असेल तर दर्जा कितीही वरचा असो, कोणतीही जबाबदार लिलाव कंपनी त्या प्रतीला हात लावत नाही.

भाव कशाचा

जुनं म्हणजे महाग, हा समज फार खोल रुजलेला आहे आणि कॉमिकांच्या बाबतीत तो सपशेल चुकीचा आहे. १९३८ सालची इतर कितीतरी कॉमिकं आजही बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. त्यांच्यातली पात्रं कोणाला आठवत नाहीत. उलट बाजूने, १९९१ साली निघालेल्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपल्या. घेणाऱ्यांपैकी असंख्य लोकांनी पुढे भाव येईल म्हणून त्या न उघडता प्लास्टिकमध्ये जपल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून आज त्यांना भाव नाही.

‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १चं उलट झालं. सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या असं मानलं जातं. मुलांनी त्या वाचल्या, दुमडल्या, एकमेकांना दिल्या आणि टाकून दिल्या. मग दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या आणि घराघरांतली रद्दी लगद्यात गेली. आज जगभर मिळून सुमारे शंभर प्रती उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे आणि त्यांतल्या बऱ्याच डागडुजी केलेल्या आहेत.

पण शंभरच प्रती उरलेली अनेक कॉमिकं आहेत. फरक मागणीचा आहे. वेष बदलून वावरणारा, अफाट ताकदीचा नायक हा सगळा प्रकारच या अंकाने रूढ केला. म्हणून फक्त सुपरमॅनचे चाहतेच नव्हेत, तर कॉमिकांचा गंभीर संग्रह करणारा जवळपास प्रत्येकजण आयुष्यात कधीतरी हा अंक मिळावा अशी इच्छा बाळगतो. ही मागणी किती खोल आहे ते एका वेगळ्याच विक्रीवरून कळतं. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघा निर्मात्यांना सुपरमॅनचे हक्क देऊन टाकण्याबद्दल १९३८ साली १३० डॉलर मिळाले. ती रक्कम ज्यात होती तो ४१२ डॉलरचा धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. धनादेशाच्या कागदाला जिथे इतकं मोल, तिथे फाटक्या का होईना पण अस्सल अंकाला गिऱ्हाईक मिळणार हे उघड होतं. निर्मात्यांच्या वाट्याला काय आलं आणि त्या कागदाच्या वाट्याला काय आलं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की मन विषण्ण होतं.

१.५ म्हणजे काय

२००० साली सीजीसी ही कंपनी सुरू झाली आणि कॉमिकांचा दर्जा तटस्थ तिसऱ्याने ठरवायची पद्धत बाजारात रुळली. ०.५ ते १० अशी मोजपट्टी. तपासणारे अंक पान न् पान पाहतात, पानं मोजतात, डागडुजी शोधतात, आकडा देतात आणि अंक कडक पारदर्शक कवचात बंद करतात. त्याआधी विकणारा म्हणेल तो दर्जा आणि घेणाऱ्याची नजर, एवढाच आधार होता. १९७०पासून निघणाऱ्या ओव्हरस्ट्रीट यांच्या भावपुस्तिकेत दर्जावार किमती असत, पण समोरची प्रत कोणत्या रकान्यात बसते यावर भांडणं व्हायची ती व्हायचीच.

या मोजपट्टीवर १.५ हा तळाकडचा आकडा आहे. पण १.५ दर्जाची प्रत म्हणजे चिंध्या नव्हे. पानं पुरी असावी लागतात, वाचता यावी लागतात. मुखपृष्ठावर सुरकुत्या, कण्यापाशी फाट, कडा झिजलेल्या, कोपरे गेलेले हे सगळं चालतं. पानं पुरी असणं या अंकाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचं. आतमध्ये ‘चक डॉसन’ या गोष्टीच्या पानावर मुलांसाठी स्पर्धा होती: पान रंगवा, फाडा आणि पाठवा. ज्या मुलांनी सांगितल्याप्रमाणे केलं त्यांच्या प्रतीत आज एक पान कमी आहे. म्हणून जुनं कॉमिक हातात आलं की मुखपृष्ठाकडे बघत बसण्याआधी पानं मोजावीत. मधलं जोडपान आहे ना, कूपन कापलेलं नाही ना, हे पाहावं. बाहेरून देखणा दिसणारा पण एक पान नसलेला अंक बाजारात बाहेरून रखरखीत दिसणाऱ्या पुऱ्या अंकाच्या खाली जातो.

भिंतीने या प्रतीला मदत केली असणार. त्या काळचा कॉमिकांचा कागद वर्तमानपत्राच्याच जातीचा, लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन आणि आम्ल कागदाला आधी पिवळं, मग तपकिरी करतं आणि शेवटी पान दुमडलं की तुकडा पडतो. उजेड आणि उष्णता ही क्रिया वाढवतात. बंद भिंतीत उजेड नव्हता आणि मिनेसोटातली थंडी वर्षातला मोठा काळ असते. अर्थात भोवतीची रद्दीही आम्लयुक्तच आणि ओल शिरण्याचा धोका कायम, म्हणून भिंत ही काही साठवणीची आदर्श जागा नव्हे. पण उघड्या माळ्यावर उन्हाळे काढण्यापेक्षा ती बरीच बरी.

आता ते फाटणं. मलपृष्ठ हा अंकाचा तो भाग, ज्याकडे कोणी प्रेमाने बघत नाही. भिंतीवर लावून ठेवणारा संग्राहक मुखपृष्ठच समोर ठेवतो: हिरवी मोटार डोक्यावर उचललेला सुपरमॅन, पळणारी माणसं, पिवळी पार्श्वभूमी. मग मागची फाट इतकी का बोचते? कारण दर्जा संपूर्ण अंकाला लागतो. तपासणारा मागच्या पानाला सवलत देत नाही. कवचावर एकच आकडा छापला जातो आणि बाजार त्या आकड्याशी भाव जोडतो.

इथे घेणाऱ्यांसाठी एक संधी दडलेली असते, असं माझं ठाम मत आहे. मागच्या बाजूच्या दोषामुळे १.५ लागलेली, पण समोरून स्वच्छ दिसणारी प्रत ही समोर डाग आणि शाई असलेल्या ३.० प्रतीपेक्षा घरात ठेवायला कितीतरी सुंदर असू शकते. अनुभवी संग्राहक आकडा वाचतात आणि मग प्रत पाहतात. नवे लोक फक्त आकडा वाचतात आणि जास्त पैसे देऊन बसतात.

या क्षणी अजून एक वाट होती आणि ती वाट विनाशाची असते. फाटलेल्या मलपृष्ठाला चिकटपट्टी लावणं. घरातली वस्तू फाटली की हात आपसूक पट्टीकडे जातो. पण चिकटपट्टीचा गोंद कागदात उतरतो, तेलकट डाग पाडतो आणि काढायला गेलं तर छपाई सोबत घेऊन येतो. दर्जा ठरवताना पट्टी हा स्वतंत्र दोष धरला जातो. हौशी हाताने रंग भरला, कडा कापून सरळ केल्या, हरवलेला कोपरा नव्या कागदाने भरला, तर अंकाला डागडुजीचा शिक्का बसतो. सीजीसीच्या कवचावर दर्जा छापलेलं लेबल असतं, ते अशा अंकांसाठी जांभळं असतं. जांभळं लेबल पाहिलं की भाव त्याच आकड्याच्या, डागडुजी न केलेल्या प्रतीपेक्षा खूपच खाली येतो, कारण घेणाऱ्याला जुना कागद हवा असतो, नवा रंग नको असतो. फाटका अंक फाटका ठेवणं ही इथे सगळ्यात मोठी मिळकत असते. सुटलेला तुकडा असेल तर तोही अंकासोबत पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून ठेवावा. इस्त्री नाही, लॅमिनेशन नाही, पिना बदलणं नाही.

७५,००० डॉलर खरंच गेले का

बातम्यांनी हा आकडा उचलून धरला, कारण तो ऐकून पोटात गोळा येतो. तो तपासून पाहायला हवा.

आकड्यामागचं गणित असं: ३.० दर्जाची प्रत साधारण अडीच लाखांना गेली असती, १.५ दर्जाची पावणेदोन लाखांना गेली, फरक ७५,०००. हे गणित चुकीचं नाही. अंदाज बांधणारी कंपनी या अंकाच्या विक्रीत मुरलेली होती. २०१०च्या फेब्रुवारीत याच अंकाची ८.० दर्जाची प्रत तिनेच दहा लाख डॉलरला विकली होती आणि दहा लाख गाठणारं ते पहिलं कॉमिक होतं. पुढच्याच महिन्यात ८.५ दर्जाची प्रत पंधरा लाखांना. २०११च्या नोव्हेंबरमध्ये ९.०ची, म्हणजे चोरीला जाऊन सापडलेली प्रत, २१,६१,००० डॉलरला.

या विक्रींच्या शेजारी १,७५,००० ठेवून पाहा. ९.०च्या प्रतीला जे मिळालं त्याच्या बाराव्या हिश्शाच्या आसपास. साध्या, मागणी नसलेल्या जुन्या कॉमिकाच्या बाबतीत वरच्या आणि तळाच्या दर्जातली दरी याहून कितीतरी खोल असते. वरची प्रत चांगल्या पैशाला जाते आणि तळाची कोणी फुकट नेत नाही. ज्या अंकासाठी सगळा बाजार आसुसलेला असतो तिथे तळालाही गर्दी असते, कारण वीस लाख देऊ न शकणारे पण दीड-दोन लाख जमवू शकणारे संग्राहक जास्त आहेत. त्यांच्या स्पर्धेमुळे तळाच्या भावाला एक भक्कम फरशी मिळते. भिंतीतल्या प्रतीला वाचवलं ते या फरशीने.

तरीही ७५,००० हा मोजलेला तोटा नव्हे. न फाटलेली प्रत कधी बाजारात आलीच नाही. दरवर्षी या अंकाच्या मोजक्याच प्रती विकल्या जातात. त्यांतली ३.०ची एखादी एका वर्षी चढ्या भावाने जाईल, दुसऱ्या वर्षी दोघांऐवजी एकच बोली लावणारा असेल तर कमी भावाने. इतक्या थोड्या विक्रींवरून काढलेला भाव हा एक पट्टा असतो. माझ्या दृष्टीने नीट सांगायचं तर त्या ओढाताणीत मोठी रक्कम गेली यात शंका नाही. ती सत्तर हजार की पन्नास, हे कोणालाच सांगता येणार नाही. कोणी तुमच्या अंकाचा भाव एकाच नेमक्या आकड्यात सांगत असेल, तर त्याला विचारा की हा आकडा कोणत्या झालेल्या विक्रीवरून काढला. लावलेल्या किमती कितीही चढ्या असू शकतात. पुरावा फक्त झालेल्या विक्रीचा, त्याच दर्जाच्या किंवा वरच्या-खालच्या लगतच्या दर्जाच्या, आणि शक्यतो अलीकडच्या.

लिलाव आणि वेळ

एखाद्या दुकानदाराला अंक थेट विकणं सोपं होतं. दुकानदाराला पुढे नफ्यात विकायचा असतो, त्यामुळे तो बाजारभावाच्या बराच खाली देतो आणि त्यात गैर काही नाही. रोजच्या अंकांसाठी तो मार्ग ठीक. पण ज्या वस्तूचे गिऱ्हाईक जगभर विखुरलेले आहेत आणि जिचा भाव दोन-चार जणांच्या ईर्षेवर ठरतो, तिच्यासाठी लिलावच योग्य होता. लिलाव कंपनी आपलं कमिशन घेते. त्या बदल्यात खरे पैसेवाले गिऱ्हाईक समोर आणते आणि बातमी पसरवते. भिंतीची कहाणी वर्तमानपत्रांत गेली ती लिलाव चालू असताना, आणि ‘मॅन ऑफ स्टील’ हा सुपरमॅनचा चित्रपट लिलाव संपल्यानंतर तीनच दिवसांनी अमेरिकेत प्रदर्शित झाला. या सगळ्याचा फायदा झाला असेल. मात्र चित्रपटाच्या लाटेवर चढणारे भाव बहुधा नव्या, मुबलक अंकांचे असतात आणि ते लवकर उतरतात. १९३८च्या या अंकाला कोणत्याही एका चित्रपटाची गरज नाही.

हाती आलेली रक्कमही पूर्ण घरात येत नाही. कमिशन जातं, कर लागतो. अमेरिकेत सापडलेलं धन हे उत्पन्न मानलं जातं. पंधरा डॉलरला घेतलेल्या जुन्या पियानोत ४,४६७ डॉलर सापडलेल्या एका जोडप्याचा खटला तिथे १९६९ साली निकाली निघाला आणि निकाल करवसुलीच्या बाजूने लागला. संग्राह्य वस्तू वर्षभराहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर बसू शकतो. मोठी वस्तू विकण्याआधी कर सल्लागाराला भेटणं हे दर्जा तपासून घेण्याइतकंच आवश्यक आहे.

थांबायला हवं होतं का

आज मागे वळून पाहताना हा प्रश्न येतोच. २०१४ साली ९.० दर्जाची दुसरी प्रत ३२,०७,८५२ डॉलरला गेली. २०१०मध्ये ८.५ची प्रत पंधरा लाखांना गेली होती. त्याच दर्जाची प्रत २०२१मध्ये साडेबत्तीस लाखांना आणि २०२४मध्ये, एका नावाजलेल्या जुन्या संग्रहातून आलेली, साठ लाखांना विकली गेली. तळाच्या दर्जाचे भावही या काळात वर सरकले. अंक ठेवला असता तर आज जास्त मिळाले असते.

तरी २०१३मध्ये विकण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. ज्या घराच्या भिंती उघड्या आहेत, जिथे दुरुस्ती चालू आहे, जिथे पाहुण्यांना अंक हातात घेऊन बघायचा आहे आणि एकदा तो फाटूनही झाला आहे, तिथे पावणेदोन लाख डॉलरचा कागद वर्षानुवर्षं सांभाळायचा म्हणजे तिजोरी, विमा, तापमान आणि दमटपणा या सगळ्याची जबाबदारी. ज्याला या अंकाचं वेड आहे तो ती आनंदाने घेतो. ज्याला तो भिंतीत सापडला आणि ज्याच्यासमोर दुरुस्त करायचं घर उभं आहे, त्याच्यासाठी घराच्या किमतीच्या सतरा पट रक्कम हातात येणं जास्त मोलाचं होतं. अंकही अशा माणसाकडे गेला ज्याने त्यासाठी स्वतःहून बोली लावली, आणि तो आता कडक कवचात बंद आहे.